बिनखुणेचं कार्ड

बुटांच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली होती: तो कामाच्या बाकावर चढणार नाही. म्हणून तो खिडकीखाली, चामड्याच्या गुंडाळ्यांच्या शेजारी एका स्टुलावर बसला होता आणि सून त्याच्यासमोर लाकडी खोक्यावर. खोकं एका कोपऱ्यात डळमळायचं. आज मात्र तिचं तिकडे लक्षच नव्हतं. बुधवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले होते आणि तिच्या आठ महिन्यांच्या मेहनतीचं पहिलं गिऱ्हाईक दारात उभं होतं.

कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या. पुढे बाक, शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकाची खुर्ची. मागे जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या आणि त्यांच्यावर फरमे. फरमा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्यावर चामडं ताणून बूट उभा करतात. इथे येणाऱ्यांचे दोन पाय एकमेकांसारखे नसत. कोणाचा एक लांब, कोणाचा एक रुंद, कोणाची एका पायाची कमान भलतीच उंच. प्रत्येकासाठी फरम्यांची वेगळी जोडी कोरलेली, आणि प्रत्येक जोडीचं एक कार्ड. कार्डावर दोन्ही पायांची मापं, मांडणीचा नंबर, तारीख आणि गिऱ्हाइकाचा धंदा. नाव मात्र नाही. पायातलं न्यून ज्याचं त्याच्यापाशी, ते कागदावर नावानिशी लिहायचं नाही, हा या घराचा जुना कायदा होता.

पंचेचाळीस वर्षं सासऱ्यांना कार्डं बघावीच लागली नाहीत. पायाकडे नजर टाकली की ते मागे जाऊन अचूक जोडी काढून आणत. पण वर्षभरापूर्वी डोळ्यांनी दगा दिला. समोरचं सगळं धुकं झालं आणि डॉक्टरांनी मान हलवली. सासऱ्यांनी हाय खाल्ली. "मांडण्या रिकाम्या करा आणि खोली भाड्याने द्या," म्हणाले. तेव्हा सून, जी एरवी दुसऱ्यांसाठी वेबसाइट बनवायची, म्हणाली, "बाबा, मला कार्डं द्या. मापं टाकली की फरमा कुठे आहे ते सांगणारं पान मी बनवते."

सासूबाई एकेक कार्ड मोठ्याने वाचत, सून टाईप करी. चार हजार दोनशे पंधरा कार्डं. वाचता वाचता सासूबाईंचं आणखी एक पालुपद चाले. "साऱ्या जगाचे पाय यांनी हातात घेतले. माझे काय, जमिनीला टेकतायत ना, मग झालं." त्यांच्या पायांत बारा महिने रबरी चपला असत आणि त्या फटफट वाजत.

तर दारातलं गिऱ्हाईक. तिशी उलटलेली, खांदे रुंद, आवाज खणखणीत.

"शुक्रवारी दुपारी माझी बस चालवायची परीक्षा आहे," ती खुर्चीत बसता बसता म्हणाली. "मागच्या वेळी उसने बूट घातले होते. ब्रेकवर पाय दिला आणि टाच बुटातच सरकली. परीक्षक बाई समोरच्या काचेला नाक लावून आल्या. नापास."

"आणि या वेळी?" सुनेच्या नवऱ्याने मशीन थांबवून विचारलं.

"या वेळी शेवटची संधी. पुढच्या महिन्यात वयाची अट ओलांडते."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. नवा फरमा कोरायचा तर बारा दिवस लागतात. पायाला जुळणारा तयार मिळाला तर बूट दोन दिवसांत होतो. म्हणजे फरमा आज सापडायला हवा होता, आणि तो शोधायला आता सासऱ्यांचे डोळे नव्हते. होतं ते सुनेचं पान. खरं सांगायचं तर तिच्या मनात भीती कमी आणि उतावीळपणाच जास्त होता.

सासरे ठेंगण्या तिवईवर गिऱ्हाइकाच्या समोर बसले. पूर्वी ते तोंड मिटून मोजत आणि स्वतःच लिहीत. आज पहिल्यांदाच मोजता मोजता बोलायची पाळी आली. पट्टीवरच्या खाचा बोटांनी चाचपत ते सांगू लागले, "डावा. लांबी दोनशे अठ्ठावीस. चवड्याचा घेर दोनशे चौदा. कमान दोनशे सव्वीस. आता उजवा. लांबी दोनशे सेहेचाळीस..."

सुनेने आकडे भरले. "बाबा, दोनतीन मिलिमीटर इकडेतिकडे चालेल ना?"

"इकडे चालेल, तिकडे नाही. फरमा बारीक असला तर चामड्याची पट्टी चिकटवून वाढवता येतो. मोठा असला तर तासावा लागतो, आणि तासला की ज्याचा आहे त्याचा राहत नाही."

हे आठ महिन्यांत कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिने अट बदलली. माप हवं तितकं किंवा तीनने कमी, जास्त अजिबात नाही. मग शोधाचं बटण दाबलं.

एकही जोडी सापडली नाही.

"थांबा हं," ती म्हणाली. शोध जरा सैल केला, दहापर्यंत कमी-जास्त चालेल असं सांगितलं. दोन ओळी आल्या. नवरा मागे धावला आणि दोन्ही जोड्या घेऊन आला. सासऱ्यांनी पहिली हातात घेतली, अंगठा कमानीवरून फिरवला आणि बाजूला ठेवली. "कमान फार उंच. बाईच्या पायात बादली होईल." मग दुसरी घेतली. तिच्यावर त्यांची बोटं बराच वेळ थांबली.

"माप जवळचं आहे," ते म्हणाले. "पण ही जोडी उलटी आहे. लहान हवा तो मोठा आहे आणि मोठा हवा तो लहान."

"कार्डावर तर डावाच लहान आहे," सून पडद्याकडे बघत म्हणाली.

"मग कार्ड चुकलंय."

"म्हणजे मी चुकीचं वाचलं?" सासूबाई कमरेवर हात ठेवून दारात आल्या. "चार हजार कार्डं घसा सुकेपर्यंत वाचली मी. पाण्याचा पेलासुद्धा माझा मीच आणत होते."

"आई, तुमचं नसेल, माझं टाईप करताना चुकलं असेल," सून म्हणाली खरी, पण तिचं तोंड उतरलं. एक कार्ड चुकलं असेल तर किती चुकली असतील? मूळ कार्ड काढून पाहिलं. टाईप केलेलं तंतोतंत होतं.

सासरे मात्र खूश झाल्यासारखे दिसले. माणूस हरला की त्याला इतरांच्या हरण्यातही थोडी सोबत वाटते. "कागदाला काय कळतं पायातलं," ते म्हणाले. "पोरी, डावा पुढे कर. शेवटचं एकदा बघतो."

गिऱ्हाइकाने डावा पाय पुढे केला.

"हा नाही. डावा."

"हाच डावा आहे, काका."

"अगं, हा," म्हणत सासऱ्यांनी तिचा उजवा पाय घोट्याला धरून उचलला. "हा लहान आहे तो."

"तो उजवा. ब्रेकचा. माझाच पाय आहे, मला माहीत असणार." आणि मग ती हसायला लागली. "काका, तुम्ही समोर बसलाय. समोरून येणाऱ्या गाडीचा डावा दिवा आपल्याला उजवीकडे दिसतो. आम्हाला हे पहिल्या दिवशी शिकवतात."

सासरे तिचा पाय हातात धरून तसेच बसले. पंचेचाळीस वर्षं ते गिऱ्हाइकाच्या समोर बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला येईल तो डावा. लिहायचे तेच, मागे जाऊन काढायचे तेच, बाकावर फरमे ठेवायचे तेही बोटं आपल्याकडे करूनच. त्यांचा हिशोब त्यांच्यापुरता कधी चुकला नाही, म्हणून कोणाला कळलंही नाही.

सुनेच्या डोक्यात एकदम दहा दिवे लागले. ती उठली ती खोकंच कलंडलं. "पण बाबा, तुमची मापं उलटी, तुमची कार्डंही उलटी, मग तुमचा फरमा तर तुम्हाला सुलटाच मिळायला हवा! पहिली जोडी तशी मिळालीच. मग ही दुसरी उलटी का आली?" तिने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. कोपऱ्यात पेन्सिलीचं एक टिंब होतं. पहिल्या कार्डाच्या कोपऱ्यात बारीक गोल होता. तिने ही खूण टाईप केली होती, प्रत्येक वेळी, न चुकता. पण तिचा अर्थ कधी विचारला नव्हता. "हे टिंब म्हणजे काय?"

"ते दादाचं," सासरे म्हणाले. "माप घेणाऱ्याची खूण. गोल माझा, टिंब त्याचं."

दादा, म्हणजे सासऱ्यांचे मोठे भाऊ, आठ वर्षांपूर्वी गेले होते. सुनेने त्यांना शेवटच्या दिवसांतच पाहिलं होतं.

"ते मापं कसे घ्यायचे? तुमच्यासारखेच समोर बसून?"

"छे. त्याचा गुडघा वाकत नव्हता. तो गिऱ्हाइकाच्या शेजारी बाकावर बसायचा आणि ओणवा होऊन मोजायचा." बोलता बोलता सासऱ्यांचा आवाज बारीक झाला. "शेजारी बसलं की त्याचा डावा तो आपलाही डावा."

"आणि त्यांच्या मांडणीतले फरमे तुम्ही कधी काढले नाहीत?"

"त्याच्या मांडणीला मी हात लावत नसे, तो माझ्या मांडणीला लावत नसे. दोघा भावांचं जमायचं ते त्यामुळेच."

आता कारखान्यात जी धावपळ सुरू झाली तिला तोड नव्हती. खात्री करून घ्यायला दहा जोड्या हव्या होत्या, पाच गोलाच्या आणि पाच टिंबाच्या. सून नंबर ओरडून सांगत होती, नवरा शिडीवर चढून फरमे खाली देत होता, सासूबाई पदर खोचून ते झेलत होत्या आणि गिऱ्हाईक मोज्यांवरच खोलीभर नाचत बाकावर जोड्या मांडत होतं. सासरे एकेकीवर हात फिरवत सांगत होते. पाचही टिंबवाल्या कार्डांचं आणि लाकडाचं जुळलं. पाचही गोलवाली उलटी निघाली. एकही अपवाद नाही.

"सापडलं," सून म्हणाली. प्रोग्राम लिहिताना असा आनंद वर्षातून एखाद्या वेळी होतो, आणि तो शेजाऱ्याला समजावून सांगता येत नाही.

"मग आता दोन हजार कार्डं खोडून पुन्हा लिहायची?" सासूबाईंनी घशाला हात लावला.

"एकही खोडायचं नाही, आई. बाबांनी लिहिलंय ते तसंच राहणार. मी फक्त मधे एक पायरी घालते. कार्डावर गोल असेल तर वाचताना डावा-उजवा अदलाबदल कर, टिंब असेल तर आहे तसं घे. मूळ माहितीला धक्का नाही, तिच्यातून सरळ केलेली नवी यादी तयार होईल, आणि पान त्या यादीत शोधेल."

ती खोक्यावर बसली. सगळे तिच्या मागे उभे राहिले. सासरेसुद्धा आले. त्यांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, तरी ते मान पुढे काढून उभे होते. अकरा ओळी लिहायला तिला वीस मिनिटं लागली, कारण दर ओळीला कोणीतरी "झालं का?" विचारत होतं. तिने आधी खुणांप्रमाणे मोजणी करून घेतली. गोल दोन हजार तीनशे दहा. टिंब एक हजार नऊशे चार. बेरीज चार हजार दोनशे चौदा.

"एक कमी," ती पुटपुटली.

एका कार्डाला खूणच नव्हती. गोल नाही, टिंब नाही, धंदाही लिहिलेला नाही. नुसती मापं आणि तारीख.

"हो, ते अर्धवट कार्ड," सासूबाई म्हणाल्या. "वाचताना मी म्हटलंही होतं, यांचा आळस बघ."

सासरे पडद्यापासून मागे सरले. सुनेने ते एकटं कार्ड यादीबाहेर ठेवलं, त्याचं नंतर बघू म्हणून, आणि गिऱ्हाइकाची मापंही सुलटी करून पुन्हा भरली. उजवा दोनशे अठ्ठावीस, डावा दोनशे सेहेचाळीस. जास्त नको, तीनपर्यंत कमी चालेल. बटण दाबायच्या आधी तिने एकदा मागे पाहिलं. गिऱ्हाइकाने डोळे मिटून घेतले होते.

एक ओळ आली. टिंबाचं कार्ड, एकोणिसावी मांडणी, वरून तिसरा कप्पा. बावीस वर्षांपूर्वीची तारीख. धंदा: परिचारिका.

नवरा शिडीवरून जी जोडी घेऊन उतरला ती धुळीने माखलेली होती. सासऱ्यांनी ती शर्टाला पुसली. उजवा हातात घेतला, टाच तपासली, चवडा तपासला, कमानीवरून अंगठा हळूहळू पुढे नेला. मग त्यांनी गिऱ्हाइकाचा पाय पुन्हा हातात घेतला आणि दोन्ही हातांनी दोन्हींची तुलना केली, एकात लाकूड आणि दुसऱ्यात पाय.

"कमानीवर दोन मिलिमीटरची पट्टी चढवायची," ते म्हणाले. "बाकी दादाने हिच्यासाठीच कोरून ठेवल्यासारखा आहे." आणि नवऱ्याकडे वळून ते पूर्वीच्या आवाजात ओरडले, "बघत काय बसलास? चामडं भिजत घाल!"

बुधवारी चामडं ताणलं गेलं, गुरुवारी तळ शिवला गेला, शुक्रवारी सकाळी टाच ठोकली. गिऱ्हाइकाने बूट घातले, दोनदा जोरात जमिनीवर पाय आपटले आणि निघून गेलं. सव्वाचारला फोन आला. फोनवर आधी बराच वेळ नुसता गाडीचा भोंगा वाजत होता. मग ती म्हणाली, "काकांना सांगा, टाच तसूभर हलली नाही. पास."

सुनेने ते मोठ्याने सांगितलं. नवऱ्याने तिला चक्क उचललं आणि सासऱ्यांसमोर उचलल्याचं लक्षात आल्यावर तितक्याच घाईने खाली ठेवलं. सासूबाईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला. सासरे तिवईवर बसून होते. हसत होते, पण कशाची तरी जुळवाजुळव करणाऱ्या माणसासारखे.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझं ते यंत्र मला पण विचारता येतं का?"

आठ महिन्यांत त्यांनी कॉम्प्युटरकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. ती लगेच खोक्यावर जाऊन बसली. "सांगा बाबा."

"डावा. लांबी दोनशे बत्तीस. चवडा दोनशे एकवीस, कमान दोनशे तीस. उजवा, लांबी दोनशे एकोणीस..."

त्यांच्या हातात ना पट्टी होती, ना कोणाचा पाय. आकडे तोंडपाठ होते. सुनेने सवयीने विचारलं, "तुमच्या बाजूचा डावा?"

"नाही. शेजारी बसून मोजलंय. तिचाच डावा."

सरळ केलेल्या यादीत काही सापडलं नाही. मग तिला आठवलं. तिने यादीबाहेर ठेवलेलं कार्ड उघडलं. दोनशे बत्तीस, दोनशे एकवीस, दोनशे तीस. आकडा न् आकडा तोच. तारीख एकेचाळीस वर्षांपूर्वीची होती. तिच्या सासूसासऱ्यांचं लग्न त्याच वर्षी झालं होतं.

चपलांची फटफट थांबली. सासूबाई हातात चहाचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या.

"दोनशे बत्तीस आणि दोनशे एकोणीस," त्या सावकाश म्हणाल्या. "हे तर मीच वाचलं होतं."

"लग्नाला महिना झाला होता," सासरे जमिनीकडे बघत म्हणाले. "तू तापात होतीस. मी उशाशी, मग तुझ्या पायांच्या शेजारी बसून होतो, आणि हातात पट्टी होती. फरमा त्याच आठवड्यात कोरला."

"आणि बूट?"

"तू उजव्या चपलेत कापूस घालायचीस. मी खोलीत आलो की पाय पदराखाली घ्यायचीस. मला कळलंय हे तुला कळलं तर तुला वाईट वाटेल, असं वाटलं. म्हणून खूणही केली नाही."

सासूबाईंनी पेले बाकावर ठेवले, ज्या बाकावर कॉम्प्युटरलाही जागा नव्हती. "एकेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस वर्षं मला वाटत राहिलं, या माणसाला जगातल्या सगळ्यांचे पाय दिसतात, फक्त माझे दिसत नाहीत."

नवरा काही न विचारता मागे गेला. सून नंबर सांगायच्या आतच सासरे म्हणाले, "पाचवी मांडणी, सगळ्यात खाली, आतल्या बाजूला. कागदात गुंडाळलेली."

जोडी आली. कागद पिवळा पडला होता, लाकूड मात्र नव्यासारखं होतं. सासूबाई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. सासरे तिवई ओढायला गेले, थांबले, आणि मग तिवई सोडून बाकाचं टोक ओढत त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"इतक्या वर्षांत पाय सुजलेत माझे," सासूबाई म्हणाल्या. "आता कुठे बसणार ते माप."

"बारीक असलेला बरा," सासरे म्हणाले. "वाढवता येतो. सूनबाई, लिहून घे."

सासूबाईंनी रबरी चपला काढल्या. उजवीतून कापसाचा बोळा बाहेर पडला. तो कोणी उचलला नाही, आणि त्यांनी पाय पदराखाली घेतले नाहीत.